“लोकच हल्ली अंगावर येतात”

दादर स्टेशनच्या पुलावर आज शेजारच्या काकांना डावीकडून धक्क्यांवर धक्के लागत होते. मी हात धरला, तर म्हणाले, “लोकच हल्ली अंगावर येतात गं. पूर्वी असं नव्हतं.”

इंडिकेटरवरची अंधेरी स्लो मात्र त्यांनी माझ्याआधी वाचली. समोरचं स्वच्छ दिसतंय, मग डोळ्यांची शंका येणार कशी?

त्यांच्या आईला काचबिंदू होता, हे मला ठाऊक आहे. म्हणून ते वाक्य डोक्यातून जाईना.

काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, डोळा लालही होत नाही. हळूहळू कडेची नजर जाते. मोतीबिंदूत ऑपरेशन करून नवं भिंग बसवता येतं. काचबिंदूने नेलेली नजर मात्र परत येत नाही. उरलेली थेंबांनी, लेझरने किंवा ऑपरेशनने सांभाळता येते, तीही वेळेत कळलं तर. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून हे कळत नाही. डोळ्यांचा दाब मोजावा लागतो, बाहुली मोठी करून आतली नस बघावी लागते. मधुमेह असेल तर डोळ्याच्या आतल्या पडद्यासाठी ही तपासणी दरवर्षी करावी लागते.

काका उद्या यायला तयार झालेत. काकूही येतेय, तिला शुगर आहे.

तुमच्या घरात चाळिशी उलटलेल्यांचा डोळ्यांचा दाब शेवटचा कधी मोजला?