वीस हजार षटकोन

तुम्ही विचारलंत म्हणून. बडोद्याच्या कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, प्रोजेक्टसाठी येणारी मुलं विचारतात, मकरपुऱ्यातले कारखानदार विचारतात, आता इंजिनिअर झालेला भाचाही विचारतो: ‘एवढे दणकट कॉम्प्युटर आले, तरी हनीकोंब कोअरला, म्हणजे सँडविच पॅनेलच्या दोन पत्र्यांमधल्या मधाच्या पोळ्यासारख्या थराला, मॉडेलमध्ये तुम्ही अजून सलग ठोकळाच का धरता? खरे षटकोन का नाही काढत?’

काढून बघा. 600 बाय 300 मिलिमीटरच्या पॅनेलमध्ये 3.2 मिलिमीटरच्या पेशी वीस हजारांवर भरतात. रात्रभर मशीन तापवा. सकाळी जो बाक मिळेल, तो ठोकळ्याने चहा होईपर्यंत दिला असता.

शिकत असताना मीच याच्या विरुद्ध तावातावाने बोलायचे. गिब्सन-अ‍ॅशबीच्या सूत्रांनी नियमित षटकोनाचं प्रतलातलं पॉइसन गुणोत्तर, म्हणजे एकीकडे ताणलं की आडवं किती आकसतं ते, दोन्ही दिशांना 1 येतं. ते तसंच भरलं की मॅट्रिक्स सिंग्युलर, गणित सुटतच नाही. मग हा ठोकळा म्हणजे थापच नाही का? त्या मुलीला आज सांगेन, बाई, भिंतीची जाडी लांबीच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी असली तर अ‍ॅल्युमिनियम कोअरचा प्रतलातला मॉड्युलस, म्हणजे ताठरपणा, जेमतेम 1.3 मेगापास्कल, आणि वरखालच्या पत्र्यांचा, फेस शीटचा, 70,000. तिथे गुणोत्तर 0.9 घाल नाहीतर 0.1, पॅनेलला पत्ताही लागत नाही. त्याला कळतो तो शिअर, दोन पत्र्यांच्या मध्ये कोअरचं तिरकं सरकणं. ती ऐकणार नाही, हे मला माहीत आहे.

ते एक पॅनेल मात्र अजून डोक्यातून जात नाही. अरामिड कागदाचा 25 मिलिमीटर कोअर, दोन्हीकडे 1 मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम, टेकूंमधलं अंतर, म्हणजे स्पॅन, 600, मध्यावर रुंदीच्या दर मिलिमीटरला 10 न्यूटन भार. माझं उत्तर 3.1 मिलिमीटर. चाचणीत 4.2. मीटिंगमध्ये सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, ‘बेन, तमारुं कॉम्प्युटर खोटुं बोले छे.’ ज्या सरांनी मला या कामात आणलं, ते समोर बसून चहा ढवळत राहिले. त्यातली साखर केव्हाच विरघळली असणार.

माझ्या 3.1 मध्ये 1.9 नुसत्या वाकण्याचे होते, 1.2 शिअरचे. वाकणं बदलायला काही कारण नव्हतं. म्हणजे शिअरचा वाटा जवळजवळ दुप्पट झालेला. आणि या कोअरचा शिअर मॉड्युलस रिबनच्या, म्हणजे कोअर ज्या सलग पट्ट्या चिकटवून बनतो त्यांच्या, दिशेने साधारण 45 मेगापास्कल, आडव्या दिशेने 24. मी म्हटलं, पॅनेल कापा. महागाचं आहे म्हणून मालक तयार होईनात. शेवटी त्याच लॉटमधलं, फेस शीट सुटलेलं एक पॅनेल भंगारात सापडलं. डिंकाने चिकटलेल्या दुहेरी भिंती, ज्या रिबनच्या दिशेने धावतात, त्या स्पॅनला आडव्या. कमी कचरा व्हावा म्हणून कटिंगवाल्याने कोअर फिरवून बसवला होता. ड्रॉइंगवर रिबनच्या दिशेचा बाण होता. चांगला ठळक होता.

मालक म्हणाले, ‘एवढं कळत होतं तर बेन, आधी का नाही बोललात?’ सरांनी त्यावरही मान डोलावली. मला जास्त लागलं ते हेच.

वीस हजार षटकोन काढले असते, तर तेही मी बाणाप्रमाणेच काढले असते ना?

तरी ठोकळ्याची वकिली करताना मी एक गोष्ट हळूच बाजूला ठेवते. दुहेरी भिंती असल्या की रिबनच्या दिशेचा शिअर मॉड्युलस सूत्रातून एकच एक असा निघत नाही. केल्सी, जेलाटली आणि क्लार्क यांनी 1958 मध्ये दिलेल्या वरच्या आणि खालच्या मर्यादांत तिथे वरच्या मर्यादेच्या दहाव्या हिश्शाएवढी फट राहते. नक्की आकडा कोअरच्या उंचीवरही ठरतो. तो काढायला मी स्वतः एक पेशी मॉडेल करतेच. पेशीच्या तोंडावर फेस शीटला पडणारे खळगे ठोकळ्याला दिसत नाहीत. आणि इन्सर्टच्या, म्हणजे बोल्टसाठी पॅनेलमध्ये बसवलेल्या तुकड्याच्या, भोवती तर तो साफ आंधळा. तिथे मीही षटकोन काढते आणि बाकी सगळा ठोकळा. ती हद्द कुठे आखायची, हे भाच्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, दोन वेगळ्या त्रिज्या घेऊन बघ, उत्तर हललं तर आणखी लांब जा. ‘म्हणजे तुलाही माहीत नाही,’ तो म्हणाला. बरं, नाही.