किल्केनी: किल्ल्यावर दिवस संपवू नका

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून आयर्लंडमधल्याच किल्केनी या गावाला रेल्वेने साधारण दीड तास लागतो, म्हणून बरेच जण सकाळी जाऊन संध्याकाळी परततात. जमलं तर एक मुक्काम करा. संध्याकाळी सहलीच्या बस गेल्या की अरुंद गल्ल्यांतून निवांत हिंडता येतं.

सगळी गर्दी किल्ल्यावर. विल्यम मार्शलने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला तो दगडात बांधला, १३९१ मध्ये बटलर घराण्याने विकत घेतला आणि १९६७ मध्ये अवघ्या ५० पौंडांत गावाला देऊन टाकला! आतली सजावट मात्र बरीचशी एकोणिसाव्या शतकातली आहे. तासाभरात उरका.

वाचलेला वेळ रोथ हाउसला द्या. जॉन रोथ नावाच्या व्यापाऱ्याने १५९४ ते १६१० या काळात एकामागे एक अशी तीन घरं बांधली. मध्ये फरसबंदी चौक, मागे लांबलचक बाग. पेठेतल्या दोन चौकी वाड्यासारखंच.

जवळच काइटलर्स इन हा पब आहे. ॲलिस काइटलर ही इथली श्रीमंत बाई. चार नवरे झाले, सावत्र मुलं बिथरली आणि १३२४ मध्ये बिशप लेड्रेडने तिच्यावर चेटुकाचा खटला भरला. ॲलिस निसटली, जिवंत जाळली गेली ती तिची मोलकरीण पेट्रोनिला. पबला नाव मालकिणीचं आहे.

पुढे ब्रेगा हा ओढा ओलांडला की आयरिशटाउन. पूर्वी इंग्रजांची वस्ती ओढ्याच्या या काठाला, आयरिश लोकांची पलीकडच्या. इथल्याच १३६६ च्या कायद्यांनी इंग्रज वसाहतवाल्यांना आयरिश लोकांशी लग्न करायला, आयरिश बोलायला, इतकंच काय हर्लिंग हा काठी-चेंडूचा आयरिश खेळ खेळायलाही बंदी घातली होती. त्या बंदीचा उपयोग किती झाला? आज आयर्लंडच्या हर्लिंग अजिंक्यपदांत किल्केनी परगणा सगळ्यांच्या पुढे आहे.

आयरिशटाउनमध्येच सेंट कॅनिस कॅथेड्रल आणि त्याच्याहून जुना, सुमारे ३० मीटर उंच गोल मनोरा आहे. आत उभ्या लाकडी शिड्या आहेत. पाठीवर सॅक नको, बूट घट्ट हवेत. पाऊस-वाऱ्यात वर सोडत नाहीत, त्यामुळे आभाळ मोकळं दिसलं की आधी इथेच या, किल्ला नंतर बघा. लहान मुलं बरोबर असतील तर तिकीट काढण्यापूर्वी वयाची अट विचारा.

ऑगस्टमध्ये इथे कलामहोत्सव असतो. नाउलन पार्क या मैदानावर हर्लिंगचे मोठे सामनेही होतात. महोत्सवाच्या किंवा सामन्याच्या सुमारास जाणार असाल तर खोली आधीच ठरवून ठेवा.