लहानाचे मोठे केले

नोटीस आली तेव्हा मला वाटलं, घरपट्टीचं काहीतरी असेल. लिफाफा दोन दिवस फ्रीजवर तसाच पडून होता. उघडला तर माझं लग्नाआधीचं नाव, त्याखाली ‘जाबदेणार’, आणि अर्जदार कोण, तर माझे वडील.

जाबदेणार. इतकी वर्षं हा शब्द मी मनात त्यांच्यासाठी राखून ठेवला होता.

मी नऊ वर्षांची असताना ते घर सोडून गेले. पुढे दुसरा संसार, एक मुलगा. त्यानंतर मी त्यांना तीनदा पाहिलं असेल, त्यातलं शेवटचं आई गेली तेव्हा, लांबून. आता ते शहात्तर वर्षांचे आहेत. अर्ज निर्वाहखर्चासाठी, दोन पानी, टाइप केलेला. उत्पन्न नाही, औषधपाण्याचा खर्च आहे, मुलगी नोकरीला आहे, वगैरे. हे सगळं खरंच होतं. पण पाचव्या परिच्छेदात लिहिलं होतं: ‘अर्जदाराने जाबदेणार हिला लहानाचे मोठे केले, उच्च शिक्षण दिले व तिचा विवाह लावून दिला.’

मी वकील मैत्रिणीला फोन केला. वाक्य वाचून दाखवलं तर ती हसलीच. “अगं, ते टायपिस्टच्या साच्यातलं वाक्य आहे. दर अर्जात असतं.” मग तिने भराभर सगळं सांगितलं. कायदा 2007 चा, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा. न्यायाधिकरणावर प्रांत दर्जाचा अधिकारी. निकाल नव्वद दिवसांत लागावा अशी अपेक्षा. निर्वाहभत्ता जास्तीत जास्त महिना 10,000 रुपये. आदेश पाळला नाही तर महिनाभरापर्यंत कैद. आणि कायद्यातच वकील नकोत असं लिहिलंय, तेव्हा “तुझं तूच बघ.”

“आणि त्यांनी मला सांभाळलंच नाही, त्याचं काय?”

“तो प्रश्न कायदा विचारतच नाही.”

त्या रात्री मी बरंच वाचलं. मुलगी म्हणून सुटका नाही, हे 1987 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या 125 कलमाखाली एका वडिलांनी आपल्या विवाहित, डॉक्टर मुलीकडे निर्वाहखर्च मागितला होता. सिंगापूरमध्ये असा कायदा 1995 पासून आहे, आणि तिथे 2023 मध्ये दुरुस्ती झाली: ज्या आईबापाने मुलाला छळलं किंवा टाकलं, त्याला अर्ज करण्याआधी न्यायाधिकरणाची परवानगी घ्यावी लागणार. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात तर सरळ हिशेब आहे. मूल अल्पवयीन असताना बापाने दहा वर्षं वाऱ्यावर सोडलं असेल, तर मुलावर जबाबदारी नाही. माझी नऊ वर्षं संपल्यापासून अठरा पूर्ण होईपर्यंत मोजली तर नऊच भरतात. तिथेही मी एका वर्षाने हुकले असते.

आपल्याकडच्या 2007 च्या कायद्यात असा अपवादच नाही. पहिले दोन दिवस मला त्याचा संताप आला. मग वाटलं, असता तर काय झालं असतं? शहात्तर वर्षांच्या माणसाने आपण बाप म्हणून बरे होतो हे कशाने सिद्ध करायचं, शाळेच्या फीच्या पावत्यांनी? आणि मग प्रत्येक चुकार मुलाने पहिल्याच तारखेला ‘मला सांभाळलं नाही’ म्हटलं असतं. हे सगळं मला पटतं. तरी पाचवा परिच्छेद घशाखाली उतरत नव्हता.

पहिल्या तारखेला मी एवढंच सांगितलं की त्यांना आणखी एक मुलगा आहे, त्यालाही पक्षकार करा. तशी तरतूद आहे. पुढच्या तारखेला तो आला. कॉरिडॉरमधल्या एकाच बाकावर आम्ही दोघं, मध्ये माझी पर्स. बराच वेळाने म्हणाला, “ताई, मी त्यांना बाहेर काढलेलं नाही. ते स्वतः गेले.” मला ‘ताई’ म्हणणारं दुसरं कुणी नाही.

घर त्याच्या नावावर होतं, बक्षीसपत्राने. समेट अधिकाऱ्यांनी वडिलांना समजावलं की सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं असेल आणि मुलगा सांभाळत नसेल, तर 23 व्या कलमाखाली बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईने मुलाला दिलेली मालमत्ता अशीच परत मिळवून दिलीय. वडिलांनी मान हलवली. “घर नको परत. त्याचं मूल लहान आहे.”

असं वाक्य ते बोलू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पैशांचं दहा मिनिटांत ठरलं. त्याने सहा हजार, मी चार. मी लगेच हो म्हटलं आणि मग म्हटलं, माझं एक मागणं आहे, पाचवा परिच्छेद काढा.

“मॅडम, त्याने आदेशात काही फरक पडत नाही.”

“मग काढायला काय हरकत आहे?”

अधिकाऱ्यांनी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी कागद मागून घेतला, हात लांब करून धरला, मग खिशातून चष्मा काढला. त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. वाचायला त्यांना फार वेळ लागला. “हे मी सांगितलं नव्हतं,” ते टेबलाकडे बघत म्हणाले, माझ्याकडे नाही. मग पेन मागितलं आणि वाक्यावर एक रेघ मारली. रेघ थोडी तिरकी गेली, ‘विवाह लावून दिला’ अर्धं वरच राहिलं. त्यांनी पुन्हा मारली.

“खाडाखोडीवर सही लागते,” कारकून म्हणाला. त्यांनी समासात सही केली. मग अधिकाऱ्यांनी माझीही सही घेतली, शेजारीच.

याला आता सात महिने झाले. मी त्यांना भेटायला गेलेले नाही आणि जाईन असंही वाटत नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे टाकते. त्याच दिवशी भावाचा मेसेज येतो: ‘ताई, माझे टाकले.’ मी अंगठा पाठवते. गेल्या महिन्यात रात्री नऊपर्यंत मेसेज आला नाही, तेव्हा मीच फोन केला. मुलाला ताप होता म्हणे. आम्ही वीस मिनिटं बोललो, सगळं तापाबद्दलच.