तुम्ही विचारलंत म्हणून: बेळगावकराचा लोकशाहीवर विश्वास उरलाय का?

पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात, “बेळगाव महाराष्ट्रात की कर्नाटकात, या सीमाप्रश्नाचा इतकी वर्षं निकाल नाही, मराठी-कानडी वाद धुमसतोय, लोकशाहीवर तुमचा अजून विश्वास आहे?”

आहे की! मतपेटीला आमच्याइतकं कुणी राबवलं नसेल. 1996 च्या लोकसभेला सीमाप्रश्न दिल्लीला दिसावा म्हणून ढिगानं अर्ज भरले. रिंगणात 456 उमेदवार! (त्याच साली लोकसभेची अनामत 500 वरून 10,000 रुपये झाली. त्यात आमचाही हातभार धरा.) महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तरी तारखेकडं आम्ही डोळे लावून बसतोच.

अडचण वेगळीच आहे. दोन तट पडले म्हणून लोकशाही नको, असं कुणी म्हणत नाही. ती आपल्या माणसानं मोडली तर तेवढ्यापुरता कानाडोळा होतो. ग्रॅहम आणि स्वोलिक या अभ्यासकांनी 2020 मध्ये अमेरिकेतल्या मतदारांचं हेच मोजलं. आपल्या पसंतीचा उमेदवार लोकशाहीविरोधी वागतो म्हणून त्याच्या विरोधात मत देणारे निघाले जेमतेम 3.5 टक्के.

आमच्याकडं हे मोजायला अभ्यासक नकोत. 2005 मध्ये महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला म्हणून कर्नाटक सरकारनं आमची महापालिका बरखास्त केली. लोकांनी निवडून दिलेलं सभागृह! संताप झाला, रास्तच होता. ठराव पटो न पटो, बरखास्ती चूक, असं उघड म्हणणारे कानडी शेजारी मात्र मला फारसे भेटले नाहीत.

आता आमचं ऐका. 2021 मध्ये महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा पक्षचिन्हांवर झाली आणि 58 पैकी 35 जागा भाजपला गेल्या. मराठी मतांशिवाय हे होणं शक्य नव्हतं. टपरीवर शब्द एकच: गद्दार. रस्ता, पाणी, हिंदुत्व, काहीही बघून मत दिलं असेल. पण महाराष्ट्रात जाण्यासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला दिलं नाही म्हणजे तो माणूस मराठीच नव्हे! 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, आम्ही निषेधाचा काळा दिन पाळतो. त्याच्या फेरीला परवानगी नाकारली की आम्हाला घटना आठवते. गल्लीतल्या मराठी माणसाचा मताचा हक्कही त्याच घटनेतला, हे मात्र तेव्हा सुचत नाही.

हे समितीच्या बैठकीत बोललो, तर मलाही तोच शब्द ऐकावा लागेल, याची कल्पना आहे.