माझा अनुभव: डिपोर्ट होऊन आलेल्या भावाचं आधार कार्ड

आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. हे मी म्हणत नाही, २०१६ च्या आधार कायद्याचं कलम ९ म्हणतं. तरीही माझ्या मावसभावाचा आधारचा अर्ज एका सरकारी कार्यालयात कित्येक महिने पडून राहिला, तो "हा माणूस भारतीय कशावरून?" या एका प्रश्नापायी. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. आणि अशी वेळ आलेली घरं बोलत नाहीत, पण आहेत, हे आता मला माहीत आहे, म्हणूनही.

भाऊ १९८१ चा. नऊ वर्षांचा असताना मावशी आणि काका त्याला घेऊन न्यू जर्सीला गेले. ग्रीन कार्ड होतं, शाळा तिथली, मित्र तिथले. मावशी-काका अमेरिकन नागरिक झाले २००३ मध्ये, तोवर हा बावीस वर्षांचा. तेव्हा तो अठराच्या आत असता तर त्यांच्याबरोबर आपोआप नागरिक झाला असता. पुढे चाळिशीच्या आसपास अमली पदार्थ विकल्याच्या गुन्ह्यात त्याला शिक्षा झाली. गुन्हा केला हे तो नाकारत नाही, मीही नाकारणार नाही. शिक्षा त्याने पूर्ण भोगली. पण सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या दारातच इमिग्रेशनवाल्यांनी ताब्यात घेतलं. तिथल्या १९९६ च्या कायद्यानंतर अशा गुन्ह्यात ग्रीन कार्डवाल्यालाही देश सोडावा लागतो आणि इमिग्रेशन न्यायाधीशाच्या हातात दया दाखवायला जवळजवळ काही उरत नाही. जन्म कुठे झाला एवढ्यावर त्याला इकडे धाडलं. मुलगी तिकडेच राहिली.

त्याला इकडे पाठवण्याआधी भारतीय वकिलातीने त्याची ओळख पटवली. त्यासाठी इथल्या पोलीस ठाण्यातून एक हवालदार आमच्याकडे आले होते. जन्माचा दाखला पाहिला, शेजारी दोघांना विचारलं, माझा जबाब लिहून सही घेतली. मगच ईसी निघालं, म्हणजे इमर्जन्सी सर्टिफिकेट. एकाच प्रवासापुरता कागद, फक्त भारतात परतण्यासाठी, आणि तो भारतीय नागरिकालाच मिळतो. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच सगळा वाद आहे.

ज्यांचं माणूस अजून तिकडे आत आहे त्यांना लगेच सांगून ठेवते: ईसीचे दोन्ही बाजूंचे फोटो वकिलाकडून किंवा वकिलातीकडून आधीच मागवून घ्या. दिल्लीला उतरल्यावर इमिग्रेशनला आमचं ईसी जमा करून घेतलं. माझ्याकडे फोटो होता म्हणून क्रमांक, तारीख, सगळं हाती राहिलं. त्याचा नऊ अंकी एलियन क्रमांकही, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने परदेशी माणसाला दिलेला क्रमांक, लिहून ठेवा. माणसाला एका डिटेन्शन सेंटरमधून दुसरीकडे हलवतात तेव्हा न सांगता हलवतात, आणि त्या क्रमांकावरून तो कुठे आहे ते ऑनलाइन शोधता येतं.

२०२४ ची दिवाळी झाली आणि तो आला. तिथून हे चक्र सुरू झालं. पासपोर्टला पत्त्याचा पुरावा हवा. पत्त्याचा पुरावा म्हटलं की सगळे आधार मागतात. परदेशातून परतलेल्या भारतीयाला आधारची नोंदणी लगेच करता येते, पण चालू पासपोर्ट असेल तर. तो नसेल तर गेल्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. म्हणजे सहा महिने थांबायचं. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाचं सिम माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून, दवाखान्यात नाव घातलं तरी फोन नंबर माझा.

त्याच काळात, ५ फेब्रुवारी २०२५ ला, अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. बेड्यांचे फोटो पाहून आमच्या सोसायटीत सगळे हळहळले. एका काकूंनी मला विचारलं, "तुमचा त्यातलाच का गं?" ती माणसं कागदपत्रांशिवाय गेलेली होती, हा शिक्षा भोगून आलेला. मी खरं सांगितलं. त्यानंतर त्या जिन्यात भेटल्या तरी बोलायच्या थांबल्या. शिक्षा झालेल्याच्या बाजूने बोलायला कुणी पुढे येत नाही, घरच्यांनाच उभं राहावं लागतं.

मे २०२५ मध्ये नोंदणी केली. अठरा वर्षांवरच्यांची पहिली नोंदणी प्रत्येक केंद्रावर होत नाही, १९४७ या आधारच्या मदत क्रमांकावर फोन करून आधी केंद्र विचारा. नोंदणी मोफत असते. केंद्राबाहेर कुणी एजंट गाठेल, त्याला एक रुपया देऊ नका. जन्मदाखला होता, पण त्यात बाळाचं नावच नव्हतं, त्या काळी असे दाखले पुष्कळ. त्याच्या जिल्हा परिषद शाळेतून निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरातल्या त्याच्या नोंदीची प्रत, काढून नाव घालून घेतलं. पत्त्यासाठीच्या विहित नमुन्यावर नगरसेवकाची सही चालते, पण महापालिकेवर तेव्हा प्रशासक होते, नगरसेवक आणायचा कुठून? एका राजपत्रित अधिकाऱ्यांनी सही दिली. एवढं सगळं सुरळीत झालं.

मोठ्या माणसाच्या पहिल्या नोंदणीची पडताळणी राज्य सरकारकडे जाते आणि आधार यायला १८० दिवसांपर्यंत लागू शकतात. आमचा अर्ज महसूल खात्याच्या एका कार्यालयात आला आणि तिथे रुतला. ऑनलाइन स्थिती रोज तीच. शेवटी भावाला घेऊन तिथे गेले.

"कुठून आलेत हे?"

"अमेरिकेतून."

"मग पासपोर्ट जोडा की."

"पासपोर्ट नाही साहेब. ईसीवर आला आहे, ही प्रत."

लिपिकाने कागद उलटसुलट केला. "ह्याची तर मुदत संपली."

मी म्हटलं, मुदत प्रवासाची संपली, भारत सरकारने त्याला भारतीय म्हटलं आहे ते संपलेलं नाही. त्यावर उत्तर आलं, "ताई, वरून कडक आदेश आहेत. कोण कुठून येतं सांगता येत नाही. पासपोर्ट आणा, मग बघू."

भाऊ माझ्या शेजारी दोन्ही हात पाठीमागे धरून उभा होता. सरकारी टेबलापुढे तो असाच उभा राहतो, तुरुंगात लागलेली सवय आहे. मराठी बोलतो, पण चौथीतल्या मुलाचं. लिपिकाने त्याला वडिलांचं मूळ गाव विचारलं, त्याने बरोबर सांगितलं, तालुका मात्र सांगता आला नाही. लगेच पेनने अर्जाच्या समासात काहीतरी लिहिलं गेलं. काय लिहिलं ते मला पुढे बऱ्याच दिवसांनी वाचायला मिळालं: "नागरिकत्व संशयास्पद."

मी शाळेच्या कार्यालयात नोकरी केली आहे. समासातली एक ओळ माणसाला किती वर्षं अडवू शकते ते मी पाहिलं आहे. म्हणून त्या दिवसापासून तोंडी बोलणं बंद केलं. लेखी अर्ज दिला, आवक क्रमांक, म्हणजे अर्ज मिळाल्याच्या नोंदीचा क्रमांक, घेतला. अर्जात तीनच मुद्दे. एक, आधार रहिवाशाला मिळतं, कायद्यात तसंच आहे, भारतात राहणाऱ्या परदेशी माणसालाही मिळतं. दोन, नागरिकत्वाचा प्रश्न इथे येत नाही. तीन, आलाच तर त्याचं उत्तर भारत सरकारने ईसी देतानाच दिलं आहे, तेही आपल्याच पोलिसांनी घरी येऊन चौकशी केल्यावर.

उत्तर नाही. पुन्हा गेलं की साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, साहेबांची बदली. दरम्यान १ जुलै २०२५ पासून नव्या पॅन कार्डाला आधार सक्तीचं झालं. त्याला एका कॉल सेंटरमध्ये नोकरी मिळत होती, त्याच्या इंग्रजीवर ते खूश होते, शिक्षेचं त्याने स्वतःहून सांगितलं तेही त्यांनी ऐकून घेतलं. पण पॅन नाही, पगार कसा करणार? ती नोकरी गेली. त्या आठवड्यात तो खोलीबाहेर आला नाही. असं झालं तर १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, क्रमांक आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आम्हाला उपयोग झाला. औषधं चालू असलेला माणूस येणार असेल तर तिकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासकट, आधीच मागवा. तिकडचं कंपनीचं नाव इथल्या दुकानदाराला कळत नाही.

मग माहितीचा अधिकार वापरला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि विचारलं: अर्ज आज कोणत्या टेबलावर आहे, किती तारखेपासून, टिपणीची प्रमाणित प्रत द्या, आणि भारतात १८२ दिवस राहिलेल्या अर्जदाराला पासपोर्ट सक्तीचा करणारा नियम किंवा परिपत्रक असेल तर त्याची प्रत द्या. गाऱ्हाणं एक ओळीचंही लिहिलं नाही. गाऱ्हाण्याला उत्तर द्यावं लागत नाही, कागद मागितला की द्यावा लागतो.

तीस दिवसांची मुदत संपायच्या आत तलाठी घरी आले. चांगले गृहस्थ होते. चहा घेतला, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, भावाशी दहा मिनिटं बोलले, पंचनामा केला. पाठोपाठ पोस्टाने उत्तर आलं. चौथ्या प्रश्नापुढे लिहिलं होतं: "अशा आशयाचे परिपत्रक या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही." म्हणजे असा नियमच नव्हता! थोड्याच दिवसांत आधार आलं. ते उत्तर मी जपून ठेवलं आहे, अभिमानाने ठेवलं आहे.

पण माझ्यासारखं भांडणारं कुणी नसेल तर? मुंबईत जन्मलेली, लहानपणीच अमेरिकेत दत्तक गेलेली एक बाई २००८ मध्ये अशीच शिक्षेनंतर मुंबईला पाठवली गेली. तिचं नागरिकत्व कुणी पूर्ण करूनच घेतलं नव्हतं. इथे तिचं माणूस नव्हतं, भाषा येत नव्हती. अशा माणसाने आवक क्रमांक कुठून मागायचा? मी आमच्या खासदारांना पत्र दिलं आहे. मागणी एवढीच, की विमानतळावर ईसी जमा करून घेताना फोटोसकट पावती द्या आणि ती पावती वर्षभर ओळखीचा पुरावा म्हणून सगळ्या सरकारी कार्यालयांत धरा. यात पैसा लागत नाही.

आता पासपोर्टचं. अर्जात विचारतात, कधी डिपोर्ट झालात का, ईसीवर परतलात का. दोन्हीला खरं उत्तर द्या, खोटं लिहिणं हा पासपोर्ट कायद्यात वेगळा गुन्हा आहे. शिक्षा झाली म्हणून पासपोर्ट मिळणारच नाही असं आम्हाला दोन वकिलांनी सांगितलं, ते बरोबर नाही. १९६७ च्या कायद्याचं कलम ६(२)(ई) पाच वर्षांतल्या शिक्षेबद्दल बोलतं, पण भारतातल्या न्यायालयाने दिलेल्या शिक्षेबद्दल. तिकडच्या निकालाची प्रमाणित प्रत मात्र जवळ ठेवा, पोलीस पडताळणीत विचारतात. आमचा अर्ज सध्या तिथेच आहे. "परत पोचवतो" म्हणणारे एजंट फोन करतात. अशा शिक्षेनंतर चोरून अमेरिकेत शिरताना पकडलं तर वीस वर्षांपर्यंत तुरुंग आहे, फोन तिथेच ठेवून द्या.

अजून दोन गोष्टी आठवल्या. मतदार नोंदणीचा नमुना ६ भरताना वडिलांच्या नावाचं वीजबिल पत्त्यासाठी चालतं, आणि मतदार ओळखपत्र बँकेला चालतं. तेही हाती नसेल तर बँकेत "छोटं खातं" मागा. फोटो आणि अधिकाऱ्यासमोर सही एवढ्यावर ते उघडतात. शिल्लक ५०,००० रुपयांच्या वर जाऊ द्यायची नाही, वर्षभरात एक लाखापर्यंतच जमा, महिन्याला १०,००० पर्यंतच काढता येतात. खिडकीवरचा माणूस असं खातं नसतं म्हणाला तर शाखाधिकाऱ्यांना भेटा, रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या नियमांत ते आहे. खातं बारा महिन्यांसाठी असतं, ओळखपत्राला अर्ज केल्याची पोच दाखवली की आणखी बारा महिने मिळतात, म्हणून आधारच्या नोंदणीची पावती फेकू नका.