स्वस्तात चपळ गाडी: जुनी पोलो टीएसआय घेताना आणि सांभाळताना

कमी पैशात चालवायला खरी मजा येईल अशी गाडी हवी असेल, तर जुन्या बाजारात सगळ्यात आधी बघावी ती २०२० ते २०२२ मधली फोक्सवॅगनची पोलो १.० टीएसआय (म्हणजे टर्बो पेट्रोल), तीही सहा गिअरची मॅन्युअल. ९९९ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, ११० पीएस ताकद आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे खेचण्याचा जोर. हा टॉर्क १७५० आरपीएमपासून ४००० पर्यंत जवळपास सपाट मिळतो आणि गाडीचं वजन साधारण ११०० किलो. आकडे कागदावर फार मोठे दिसत नाहीत, पण घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ही गाडी जशी वर खेचते, तसं त्याच पैशात मिळणारं दुसरं काही क्वचितच खेचतं. गाडी बनली चाकणला, त्यामुळे पुणे-मुंबई पट्ट्यात तिचे सुटे भाग आणि तिच्यावर हात बसलेले मेकॅनिक दोन्ही सापडतात. जुनी गाडी घेताना ही गोष्ट दहा पीएस जास्त असण्यापेक्षा मोलाची आहे.

याच बजेटमध्ये आणखी तीन नावं समोर येतात. पहिलं पोलो जीटी टीएसआय, म्हणजे २०१३ पासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत विकली गेलेली १.२ लिटरची, १०५ पीएसची गाडी. ही फक्त सात गिअरच्या डीएसजीमध्ये, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये आली आणि सगळी मेख तिथेच आहे. तो ड्राय क्लचचा गिअरबॉक्स आहे. ट्रॅफिकमध्ये गाडी इंच-इंच सरकवली की क्लच घसरत राहतो, तापतो आणि पुढे थरथरायला लागतो. दुसरा आजार मेकॅट्रॉनिकचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या नियंत्रण युनिटचा. आतलं तेलाचं प्रेशर साठवून ठेवणाऱ्या भागाच्या घराला तडा जातो, प्रेशर उतरतं, मीटरवर गिअरची अक्षरं लुकलुकायला लागतात आणि कधी फक्त सम तर कधी फक्त विषम गिअर पडतात. पूर्ण युनिट बदलायची वेळ आली तर खर्च लाखाच्या पलीकडे सहज जातो. गाडी स्वस्त दिसते ती याच भीतीमुळे. मेकॅट्रॉनिक आणि क्लच दोन्ही बदलल्याची बिलं हातात असतील तर जरूर बघा; नुसत्या शब्दावर घेऊ नका.

दुसरं नाव फियाटची अबार्थ पुंटो. २०१५ मध्ये आलेली, रांजणगावला बनलेली, १.४ लिटर टर्बो, १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक. मन तिच्याकडे ओढ घेणारच, आणि स्टिअरिंगचा जो जिवंतपणा तिच्यात आहे तो पोलोतही नाही. पण फियाटने इथला गाशा गुंडाळून काही वर्षं झाली. बाहेरचे पत्रे साध्या पुंटोचे चालतात, खास अबार्थचे भाग मात्र शोधत फिरावं लागतं. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर पहिल्याच आठवड्यात तो बदलायचा, त्यात पर्याय नाही. घरात दुसरी गाडी असेल आणि फियाट जाणणारा मेकॅनिक ओळखीचा असेल तरच अबार्थ घ्यावी.

तिसरी मारुतीची बलेनो आरएस: १.० बूस्टरजेट, १०२ पीएस, २०१७ मध्ये आलेली. शांत, भरवशाची आणि थोडी मवाळ. याच घराण्याचं इंजिन २०२३ पासून मारुतीच्याच फ्राँक्समध्ये मिळतं, त्यामुळे भागांची चिंता पूर्वीइतकी उरलेली नाही.

आता पोलोकडे.

ती खरंच टीएसआय आहे का

हा प्रश्न साधा वाटतो, पण इथेच लोक फसतात. त्याच काळात पोलोचं बिनटर्बोचं १.० एमपीआय इंजिनही मिळत होतं आणि तेही ९९९ सीसीचंच. म्हणजे आरसी बुकावरचा सीसीचा आकडा काहीच सांगत नाही. मागच्या डिकीवर टीएसआयचा बिल्ला चिकटवायला काहीशे रुपये लागतात. गिअर नॉबवर सहा गिअर आहेत का बघा, कारण एमपीआयला पाचच होते. मग बॉनेट उघडून टर्बोकडे जाणारे जाड पाइप बघा. आणि 'जीटी' बिल्ल्याचा अर्थ २०२० नंतर बदलला: तेव्हापासूनची जीटी म्हणजे १.० टीएसआय आणि सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. तिला डीएसजीचे आजार नाहीत. रोज शहरात चालवायची असेल तर ती चांगलीच निवड आहे.

गाडी बघायला जाताना

सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड इंजिनचा आवाज तुम्हाला ऐकू द्यायचा नव्हता असं समजा. तीन सिलिंडरचं इंजिन सुरू होताना थोडं थरथरतं, ते साहजिक आहे. पण अर्ध्या मिनिटानंतरही आरपीएम वरखाली होत असेल, तर प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर यांपैकी कुणीतरी आजारी आहे.

कूलंटची टाकी बघा. पातळी खुणेच्या खाली असेल तर गिअरबॉक्सच्या बाजूला, इंजिनच्या टोकाशी टॉर्च मारा. या इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं एकत्र प्लास्टिकचं घर आहे, ते कॅमशाफ्टवरच्या एका छोट्या दातेरी पट्ट्यावर चालतं, आणि गळती बहुधा तिथूनच होते. वाळलेले गुलाबी डाग हा पुरावा. दुरुस्ती आवाक्यातली आहे, पण तो खर्च किमतीतून वळता करून घ्या. टाकीत गुलाबीऐवजी हिरवं किंवा नुसतं पाणी असेल, तर कुणीतरी काटकसर केलेली आहे आणि ती फक्त कूलंटपुरती नसणार.

पेंट गेज भाड्याने मिळतो, ओळखीच्या डेंटरकडेही असतो. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो. २०० च्या वर गेला तर पॅनल पुन्हा रंगवलंय, ५०० च्या वर गेला तर आत पुटिंगचा भराव आहे. एखादा बंपर किंवा दरवाजा रंगवलेला असणं आपल्या रस्त्यांवर सहज घडतं, त्यावरून गाडी नाकारू नका. बघायचे ते खांब, छप्पर आणि डिकीचा तळ. स्टेपनी बाहेर काढून तळाचे स्पॉट वेल्ड बघा. कंपनीचे वेल्ड सारख्या अंतरावर गोल ठिपक्यांसारखे असतात; हाताने केलेली जोडणी लगेच वेगळी दिसते. बॉनेटच्या बिजागऱ्यांच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का तेही बघा.

पावसाळ्यात पाण्यात उभी राहिलेली गाडी ओळखायला सीटखालचे रूळ आणि पायाजवळचं कार्पेट पुरेसं आहे. रुळांवर गंज, कार्पेटखालच्या फोममध्ये ओल किंवा कुबट वास, फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट थर. यातलं एकही दिसलं तर परत फिरा. पाण्यात भिजलेल्या गाडीचं वायरिंग पुढची दोन-तीन वर्षं एकेक करून बोलायला लागतं.

टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५ हजार किलोमीटर दाखवणाऱ्या २०२१ च्या गाडीला २०२४ चे चार नवे टायर असतील तर मीटरवर शंका घ्या. स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड, झिजलेलं क्लच पेडल, ड्रायव्हर सीटचा दबलेला काठ हे सगळे खरं बोलतात. शेवटचा निकाल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदींवर लावायचा. चासी नंबर देऊन मालकासमोर तो इतिहास मागवा.

गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय टर्बो गाडी घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. फक्त इंजिनचे नव्हे, एबीएस आणि एअरबॅगचे कोडही वाचून घ्या. कोड एकही दिसत नसेल, पण उत्सर्जनाच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दाखवत असतील, तर थोड्याच वेळापूर्वी कुणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. अशा वेळी दोन दिवसांनी पुन्हा स्कॅन करायचं.

मग किमान अर्धा तास चालवा. स्पीडब्रेकर तिरका घेतल्यावर पुढून टकटक आली तर सस्पेन्शनचे लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश (रबरी जोड) गेलेत. पोलोत हे आपल्या रस्त्यांवर लवकर जातात, पण महाग नाहीत. चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवरून पूर्ण एक्सलेटर द्या: आरपीएम चढतोय आणि वेग मागे राहतोय, तर क्लच प्लेट संपली. एसी वीस मिनिटांनी कमी गार करायला लागला, तर कूलिंग कॉइल गळतेय का ते तपासा. कॉइल बदलायला डॅशबोर्ड उघडावा लागतो, मजुरीच मोठी असते. चारही दरवाजे रिमोटने लॉक-अनलॉक करा आणि चारही काचा पूर्ण खाली-वर करा. लॉकचे स्विच हा या गाडीचा जुना आजार.

रिमॅप केलेली गाडी

या गाड्यांमध्ये ईसीयू (इंजिनचा संगणक) रिमॅप करून, म्हणजे ताकद वाढवणारा प्रोग्रॅम टाकून घेतलेल्या बऱ्याच भेटतात. विकायच्या आधी मूळ प्रोग्रॅम परत टाकतात, पण खुणा उरतात: बदललेला एअर फिल्टर बॉक्स, कापलेला एक्झॉस्ट, नव्या क्लॅम्पचे पाइप. क्लच आणि गिअरबॉक्स १७५ न्यूटन मीटर डोळ्यासमोर ठेवून जुळवलेले आहेत. वाढवलेल्या टॉर्कचा भार ते निमूट सोसतात आणि बिल पुढच्या मालकाच्या नावावर निघतं. सगळं मूळ स्थितीत असलेली साध्या रंगाची गाडी, सजवलेल्या गाडीपेक्षा जास्त पैसे देऊन घ्यावी.

कागद

वाहन पोर्टलवर नंबर टाकून मालक कितवा, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का ते बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलान थकलेली असतील तर ती विकणाऱ्याने भरायची. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. दिल्लीहून स्वस्त वाटणारी गाडी हा कर धरला की तेवढी स्वस्त राहत नाही. विमा नाव बदलल्यापासून १४ दिवसांत आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, फरक भरावा लागतो. वाढीव वॉरंटी शिल्लक असेल तर ती नव्या मालकाच्या नावावर होते का हे आधीच लेखी विचारून घ्या.

पहिला महिना

सात लाख हातात असतील तर गाडी पावणेसहा-सहाची बघा. उरलेल्या पैशांतूनच गाडीची मजा निर्माण होते. इंजिन ऑइल सुमारे चार लिटर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या फोक्सवॅगनच्या मंजुरी क्रमांकाचंच. नुसती ग्रेड जुळली म्हणून दुसरं ओतू नका. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कमी आरपीएमवर जोर दिला की मिश्रण वेळेआधी पेटून पिस्टनला धक्का बसू शकतो, आणि तेलातल्या रसायनांचा त्याच्याशी थेट संबंध आहे. त्याच कारणासाठी पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर पेडल तळाला लावायचं नाही. एक-दोन गिअर खाली या. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसी फिल्टर, तीन स्पार्क प्लग आणि ब्रेक ऑइल एकदमच बदला. कंपनी सर्व्हिस १५ हजार किलोमीटरवर सांगते. ऑइल मात्र साडेसात-आठ हजारांवर बदललेलं बरं.

मग सस्पेन्शन. चारही शॉकॲब्सॉर्बर, स्ट्रट माउंट, लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश तपासून जे सैल आहे ते जोडीनेच बदला, एका बाजूचं कधीच नाही. नंतर अलाइनमेंट. ढिल्या बुशची टीएसआय वळणात दोन तुकड्यांत वळल्यासारखी वाटते, आणि लोक त्यावर उपाय म्हणून खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घालतात. बुश बदलल्यावर तीच गाडी बोटाच्या इशाऱ्यावर वळते. टायर ५ वर्षांपेक्षा जुने असतील तर खोल खाचा दिसत असल्या तरी बदला. १९५/५५ आर१६ मापात चांगल्या कंपनीचे टायर मिळतात. मोठ्या रिमच्या मोहात पडू नका, पातळ टायरवर खड्डा बसला की रिम वाकतं आणि बाजूला फुगा येतो.

इंधनाचं म्हणाल तर या गाड्या २० टक्के इथेनॉलसाठी खास बनवलेल्या नाहीत. रबरी नळ्या आणि सीलवर दर सर्व्हिसला नजर ठेवा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नका, कारण इथेनॉल ओलावा ओढून घेतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इन्टेक व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे तिथे काजळी साठते. फक्त दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती लवकर साठते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी हायवेला अर्धा तास मोकळी चालवावी.

आणि चालवायची कशी? पहिले पाच-सात किलोमीटर ३००० आरपीएमच्या खाली. कूलंटचा काटा मधे आला तरी तेल अजून गरम झालेलं नसतं. ताम्हिणी किंवा आंबोलीसारख्या घाटात दुसरा-तिसरा गिअर आणि २००० ते ४०००, या पट्ट्यात गाडीला गिअर फार बदलावे लागत नाहीत. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात पेडल हलकं धरा, बाहेर पडताना मोकळं करा. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. उतरताना ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा: पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत, सतत पाय ठेवला की पेडल मऊ होतं आणि वास यायला लागतो. तसं झालं तर मोकळी जागा बघून थांबा, हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा आणि दहा-पंधरा मिनिटं ब्रेक निवू द्या. वर पोहोचल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. शेवटचा एक-दोन किलोमीटर सावकाश चालवला की टर्बो आपोआप निवतो.