उन्हाळ्यात बिघडणारे हिवाळी वाहन : आमची वाटचाल

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील सडबरी हे निकेलच्या खाणींचे शहर आहे आणि त्याच्या कडेला आमचे दोन गाळ्यांचे वर्कशॉप आहे. तेथे आम्ही केवळ जुन्या, म्हणजे कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) असलेल्या स्नोमोबाइल दुरुस्त करतो. पुढे दोन स्की, मागे रबरी ट्रॅक आणि मध्ये बहुधा टू-स्ट्रोक इंजिन असे हे वाहन महाराष्ट्रातील बऱ्याच जणांनी गुलमर्गच्या सहलीत पाहिलेले असते. येथे मात्र गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाण्यासाठी, रानातील लाकूड ओढून आणण्यासाठी आणि रस्ता बंद झालेल्या घरापर्यंत पोहोचण्यासाठी ते वापरले जाते. क्वेबेकच्या जोझेफ-आर्मां बॉम्बार्दिये यांनी १९५९ मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आणली, तेव्हापासूनची यंत्रे आजही कोणाच्या ना कोणाच्या शेडमध्ये उभी असतात. नव्या यंत्रांचे विक्रेते इतकी जुनी यंत्रे सहसा हातात घेत नाहीत, आणि नेमक्या त्याच जागेत आमचा व्यवसाय उभा राहिला.

माझे शिक्षण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका गॅरेजात झाले. आरएक्स १०० आणि चेतकची इंजिने उघडण्यात तेथे माझी आठ वर्षे गेली. २००४ मध्ये पत्नीच्या नोकरीच्या निमित्ताने आम्ही येथे आलो आणि पुढील काही वर्षे मी खाणीच्या ट्रकांची देखभाल करत होतो. एका डिसेंबरात शेजाऱ्यांची सिंगल सिलिंडरची यामाहा सुरू होईना म्हणून त्यांनी मला हाक मारली. बॉनेट उचलले, तर समोर आरएक्स १०० सारखाच मिकुनी कंपनीचा कार्बोरेटर होता. पायलट जेट, म्हणजे पेट्रोल ज्या बारीक छिद्रातून येते तो भाग, तांब्याच्या बारीक तारेने न टोचता क्लीनरमध्ये भिजवून हवेने फुंकायचे, हे उस्तादांनी शिकवलेले पहिले काम मी तेथे केले आणि यंत्र तिसऱ्या ओढीला सुरू झाले. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागणाऱ्या त्याहून जुन्या यंत्रांतही अनेकदा लिटरमागे २० मिलिलिटर, म्हणजे कोल्हापूरच्या पेट्रोल पंपावरचेच प्रमाण आढळते. २००९ मध्ये घराच्या गॅरेजात आम्ही रीतसर काम सुरू केले.

कोल्हापुरी विद्येने एकदा मला चांगलेच तोंडघशी पाडले. तिकडे कोल्हापुरात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देईल’ हा असे आणि त्यासाठी आम्ही जेट लहान बसवून, कार्बोरेटरची सुई खाली उतरवून पेट्रोल आवळत असू. दुसऱ्या हिवाळ्यात, उणे पाच अंश तापमान असताना, मी एका ग्राहकाचे यंत्र तशाच सवयीने ‘सुरेख’ लावून दिले. पुढच्या आठवड्यात पारा उणे तीसवर गेला आणि तळ्याच्या मध्यावर त्याचा पिस्टन सिलिंडरला धरला. तापमानातील एवढ्या फरकाने हवा सुमारे १० टक्के दाट होते. जेट तेच राहिले तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते, पिस्टन तापतो, आणि पेट्रोलमध्ये तेल मिसळलेल्या यंत्रात पेट्रोलबरोबर येणारे वंगणही तितकेच घटते. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन आम्ही स्वखर्चाने बसवला. तेव्हापासून उत्पादकाचा तापमान आणि उंचीनुसार जेटचा तक्ता भिंतीवर लावलेला आहे आणि शंका असेल तेथे आम्ही मोठाच जेट बसवतो. प्लग थोडा काळा पडला तर पुसता येतो, पिस्टनला पडलेले चर पुसता येत नाहीत.

तरीही पहिली पाच वर्षे धंदा जेमतेमच चालला. पहिला बर्फ पडला की एकाच आठवड्यात सगळे यंत्र घेऊन दारात उभे राहत आणि एप्रिल ते ऑक्टोबर गाळा रिकामा असे. नोंदवही चाळताना पत्नीच्या लक्षात आले की, नोव्हेंबरात आलेल्या यंत्रांपैकी बहुतेकांचा बिघाड हिवाळ्यातील नव्हताच. मागचा हंगाम संपल्यावर ती जशीच्या तशी उभी केली होती, आणि दुखणे तेथे सुरू झाले होते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतील ओल धरते आणि कार्बोरेटरच्या वाटीत आटत गेले की त्याचा चिकट थर जेटमध्ये बसतो. रबरी नळ्या कडक होऊन चिरतात. क्रँकची सील सुकली की तेथून हवा खेचली जाते, आणि ती उणे तीसची गोष्ट पुन्हा घडते. त्यातच उंदीर एअरबॉक्समध्ये, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या पेटीत, गवताचे घरटे करतात. आम्ही ग्राहकांना पत्रे लिहिली की यंत्र एप्रिलमध्येच आणा, दर कमी लावू. पहिल्या वर्षी लोक हसले, पण त्या वर्षी आलेली यंत्रे डिसेंबरात निमूट सुरू झाली आणि पुढील वर्षापासून आमचा खरा हंगाम वसंतात सुरू होऊ लागला.

एप्रिलच्या कामात घाई नसते, म्हणून ते नीट होते. टाकीत पेट्रोल खराब होऊ न देणारे स्टॅबिलायझर घालून इंजिन काही मिनिटे चालवायचे, कार्बोरेटरच्या वाट्या रिकाम्या करायच्या आणि शेवटी फॉगिंग ऑइल आत सोडून बेअरिंग व सिलिंडरवर तेलाचा थर बसवायचा. ड्राइव्ह बेल्ट उतरवून त्याची रुंदी मोजायची. नव्यापेक्षा सुमारे ३ मिलिमीटर कमी भरला तर तो बदलण्याच्या लायकीचा झाला. क्लचच्या तबकड्यांना तेलाचा हातही लागू द्यायचा नाही. चेनकेसचे, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या साखळीच्या पेटीचे, तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे असे समजायचे आणि चेनचा ताण त्याच वेळी पाहायचा. सस्पेंशनच्या प्रत्येक निपलमध्ये आतले पाणी बाहेर पडून ताजे ग्रीस दिसेपर्यंत ग्रीस भरायचे. हे काम कंटाळवाणे असल्याने सर्वांत आधी टाळले जाते, आणि जाम झालेला शाफ्ट ठोकून काढताना त्याची आठवण येते. मागचा भाग स्टँडवर उचलला की ट्रॅक जमिनीला टेकत नाही. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात स्टील वूलचा बोळा आणि त्याला लाल फीत. फीत नसेल तर नोव्हेंबरात बोळा हमखास आतच राहतो.

ट्रॅकचा ताण आणि सरळपणा मात्र आम्ही हंगामाच्या तोंडावर पाहतो. तो ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो, त्यांना वंगण आणि गारवा बर्फाच्या भुग्यातूनच मिळतो. उघड्या गुळगुळीत बर्फावर लांब अंतर कापले की त्या वितळू लागतात, हे नवशिक्या मालकांना मी यंत्र उलटे दाखवून सांगतो. त्याच दिवशी थ्रॉटल सोडल्यावर कार्बोरेटरमधील स्लाइड (हवेची वाट उघडझाप करणारी सरकती झडप) झटकन खाली येते की नाही आणि दोरीचा सुरक्षा स्विच ओढताच इंजिन बंद पडते की नाही, याची खात्री होते. ही दोन्ही उत्तरे ‘होय’ नसतील, तर मालक कितीही घाईत असला तरी यंत्र दाराबाहेर जात नाही. यावरून दोन ग्राहक आम्ही गमावले आहेत.

सुटे भाग ही आता खरी अडचण आहे. म्हणून गेल्या सहा वर्षांपासून आम्ही मोडीत निघालेली यंत्रे विकत घेतो. मुलगा त्यांचे कार्बोरेटर, स्टार्टर आणि क्लच वेगळे करून खुणेसह फडताळात लावतो. मागच्या आठवड्यात त्याने १९९० च्या सुमाराची स्की-डूची एक इलान पूर्ण उघडली, आणि तिच्या एअरबॉक्समध्ये उंदराने साठवलेले दोन मुठी सूर्यफुलाचे बी निघाले.